उतरताना जिना, चढताना लिफ्ट

डॉक्टर मॉक यांनी एक्स-रे उजेडावर धरला
आणि बाबांना स्वतःच्या पोटातली पांढरी रेघ दिसली.
ओटीपोटात, अगदी तळाशी असायला हवं होतं तिचं वेटोळं.
ती वर निघून आली होती, यकृताच्या खाली,
उजवीकडे तोंड फिरवून, रुसल्यासारखी.

"नळी सरकलीय," डॉक्टर म्हणाले.
"म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय," बाबा म्हणाले.

एकेचाळीस वर्षं सीतो वान-हिंग यांनी
क्वाय चुंगच्या लिफ्ट दुरुस्त केल्या.
बाकीचं शरीर त्यांना कधी समजलं नाही,
हे मात्र चटकन समजलं.

नऊ दिवस
दोन लिटर आत जायचं, सातशे बाहेर यायचं.
उरलेलं घोट्यांत, पापण्यांत,
उताणं झोपलं की छातीत.
आई पिशवी ताणकाट्याला अडकवायची
(याच काट्यावर ती पूर्वी सुके मासे तोलून विकायची)
आणि आकडा वहीत लिहिताना
मला दिसू नये म्हणून हात आडवा धरायची.

इलाज ऐकून मला हसूच आलं.
शस्त्रक्रियेचं नंतर बघू. आधी पोट साफ होऊ द्या,
हे गोड पातळ औषध घ्या,
आणि जिने उतरा. टाचा आपटत उतरा.
चढायचं नाही. चढायला लिफ्ट.

आमची इमारत जुनी. लिफ्ट थांबते फक्त
आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या मजल्यावर.
आम्ही विसाव्यावर.
म्हणजे घरी यायचं तर आधी घराच्या वर जायचं
आणि मग दोन मजले खाली.
लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगाचं असंच असतं.

बाबा उतरायचे. धप्. धप्.
कठड्यावर एक हात, दुसरा पोटावर,
सदऱ्याखाली चिकटपट्टीने बांधलेलं नळीचं टोक जपत.
सतराव्यावरच्या फोक बाईंनी दार उघडून विचारलं,
"भांडण झालं का घरात?"
"नाही," बाबा म्हणाले, "आतल्या एकाला खाली आणतोय."

पाचव्या दिवशी ते तळाला पोचले
आणि लिफ्ट बंद.
दारावर पाटी, खाली अवजारांची पेटी,
पेटीशी एक पोरगा, वीस-एकवीसचा,
खोबणीत टॉर्च मारून उगाच बघत बसलेला.

मी कामावर होते. आईचा फोन आला:
पिशवी प्लेटवर ऊन होऊन पडलीय, माणूस वर येत नाही.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मला त्या बसमध्ये कळलं.

पोचले तेव्हा बाबा फरशीवर बसलेले,
भरल्या पोटानिशी, डोळे मिटून,
कान लिफ्टच्या दाराला लावून.
"पुन्हा चालव," ते पोराला म्हणाले. "थांब. पुन्हा.
ऐकलंस? खर्र झालं. दोर नाही, मोटर नाही.
डाव्या रुळावरचा बूट झिजलाय.
तो सरकला की सगळी खोली तिरकी होते."
पोराने मान हलवली. त्याने बाबांना 'सीफू' म्हटलं,
गुरुजी.
निवृत्तीनंतर तसं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

साडेआठला लिफ्ट सुरू झाली.
आम्ही बाविसाव्यावर गेलो, दोन मजले उतरलो, धप्, धप्,
आणि आईने काही न बोलता नळी जोडली.

पाणी आलं. आधी थेंब, मग एक पांढुरका धागा,
मग धार. फिकट पिवळी, आरपार.
आम्ही तिघंही पिशवीकडे बघत राहिलो,
दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तसं.

धार थांबली.
आईने काट्याला पिशवी लावली. या वेळी हात आडवा नाही.
चौदाशे.

दोन हजार नाही. मी हिशेब करत होते,
सहाशे कुठे, उद्या किती, सोमवारी डॉक्टर काय म्हणतील.

बाबांनी नळीला टोपण लावलं, सदरा खाली ओढला.
"आलीय बाविसाव्यापर्यंत," म्हणाले.
"अजून दोन मजले."